साडूंचं लॉन

गंगाधरराव, तुम्ही गेलात त्याला अजून महिना व्हायचा आहे, आणि आज सकाळी मी पुन्हा एकदा तुमच्या लॉनकडे बघून जळलो. सवयच आहे ती. माणूस गेला की मनात त्याच्याबद्दल चांगलंच यावं, असं म्हणतात. चांगलं येतंच, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या आधी तुमचं लॉन येतं आणि लॉन आलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. इतकी वर्षं दुखलं, ते आता तुम्ही नाहीत म्हणून लगेच थांबेल असं थोडंच आहे?

परवा तुमच्या शाळेत शोकसभा झाली. सगळे तुमच्या शिट्टीबद्दल बोलले, शिस्तीबद्दल बोलले, तुम्ही घडवलेल्या खो-खोच्या संघाबद्दल बोलले. मलाही बोला म्हणाले. मी उठलो, ‘ते माझे साडू होते’ एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. तसं काही नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे तुमच्याशीच बोलतो.

आपलं भांडण लॉनच्याही आधीचं. आपण कधी आवाज चढवला नाही, तरी भांडणच ते. डोंगरकडा गावी, सासुरवाडीत आपण दोघे पंगतीला बसलो की मामी, म्हणजे आपल्या सासूबाई, आतून सांगायच्या, ‘आधी थोरल्याला वाढ.’ वाढणारी माझीच बायको, निर्मला. पुरणपोळी घेऊन ती माझ्या ताटासमोर आलेली असायची आणि आईचा आवाज ऐकून तिथूनच वळायची. तुमच्या ताटात पोळी पडायची, तिच्यावर तूप पडायचं, मग माझी पाळी. मामींच्या मनात वाईट काही नव्हतं. सुमनअक्का थोरली, म्हणून तिचा नवरा थोरला जावई, इतकं सरळ होतं ते. खरं तर वयानं मीच तुमच्याहून थोडा मोठा. एका धोंड्याच्या जेवणात मी ते बोलूनही दाखवलं. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, ‘मग काय करायचं, केशवराव? बहिणी बदलायच्या का?’ सगळे हसले, मीही हसलो. ती पोळी मात्र मला गोड लागली नाही.

कळमनुरीला नांदेड रोडच्या वसाहतीत शेजारी शेजारी प्लॉट घ्यायचं दोघी बहिणींनी ठरवलं. मी तहसीलमधून आणि तुम्ही शाळेतून निवृत्त व्हायला आलो होतो. घरं बांधून झाली, मध्ये कमरेएवढी भिंत घातली आणि दोन्ही घरांपुढे सारखी मोकळी जागा उरली. तेव्हा तुमच्या प्रशांतनं पुण्याहून त्याच्या सोसायटीतल्या हिरवळीचा फोटो पाठवला आणि दोघी बहिणींनी ठरवून टाकलं की आपल्याही दारात लॉन हवं. रोपवाटिकेतून विकत कशाला आणायचं, हराळी तर मामींच्या बांधावर पोत्यानं पडलेली होती. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘माझा जनम गेला हराळी खोदू खोदू, अन् हे जावई तिला दारात लावून राहिलेत.’ पण म्हणाल्या तरी त्यांनीच हराळी दिली आणि वर त्यांच्या हळदीच्या रानातली काळी माती ट्रॉली भरून पाठवली.

ट्रॉलीबरोबर त्या स्वतः आल्या होत्या, आठवतं का? ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी फाटकातूनच सांगितलं, ‘आधी थोरल्याकडं रिकामी कर, मंग इकडं.’ अर्धी ट्रॉली तुमच्या दारात पडली, उरलेली अर्धी माझ्या. इथूनच सगळं सुरू झालं.

त्या पावसाळ्यात तुमची हराळी अशी पसरली की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. माझीही पसरली, पण तिच्यामधून वीतवीतभर उंच, पोपटी, टोकदार लव्हाळा वर आला. मागोमाग केना आला, चिकाची दुधी आली, कोपऱ्यात गाजरगवत आलं. केना काय, दुधी काय, ओढली की येते. लव्हाळा मात्र सगळ्यांचा बाप. आज उपटला की चौथ्या दिवशी तिथेच उभा, आणि येताना आणखी दोघांना घेऊन येणार. तुमच्याकडे एक पातं दिसेल तर शपथ. मी भिंतीवरून वाकून वाकून बघायचो.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं होतं. शेतात ट्रॉली भरताना आधी बांधाकडची माती भरली असणार, आणि लव्हाळ्याच्या मुळांतल्या गाठी बांधाकडेच असतात. ती माती ट्रॉलीच्या तळाला गेली. वरची स्वच्छ माती थोरल्याला मिळाली, तळातली धाकट्याच्या वाट्याला आली. हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल! तहसीलमध्ये आयुष्यभर जमिनीच्याच भानगडी बघितलेल्या, त्यामुळे माझा मुद्दा मी सोडत नव्हतो. तुम्ही प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलंत. ‘माती एकच आहे, केशवराव.’ पुढे एक शब्द नाही. पंगतीत ज्याला पहिली पोळी मिळते त्यालाच असं शांतपणे बोलता येतं, असं मला वाटायचं.

मग मी माझे उपाय केले. बाजारातल्या कृषी केंद्रातून तणनाशक आणलं आणि एका दुपारी सगळ्या अंगणावर मारलं. चार-आठ दिवसांत अंगण पिवळं पडलं. मी खुश होतो. नंतर कळलं की हराळी मेली होती आणि लव्हाळा फक्त विश्रांती घेत होता. हराळीची अडचण दूर झाल्यावर तो मोकळेपणानं वर आला. निर्मला म्हणाली, ‘आता ह्यालाच लॉन म्हणा, हिरवं तर हाये न.’ मी चिडलो आणि मामेभावाचा छोटा ट्रॅक्टर आणून सगळं अंगण रोटाव्हेटरनं फिरवून काढलं. भुगा करून टाकला म्हणा. आमच्या घराण्यात तीन पिढ्या शेती झाली, आणि रोटाव्हेटरनं गाठींचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा नवा लव्हाळा होतो, हे मला त्या वेळी आठवलं नाही. खुर्चीत बसून बसून माणसाचं रान सुटतं ते असं.

तुम्ही त्या दिवशी भिंतीपाशी उभे होतात. ट्रॅक्टर फाटकातून आत येतानाच तुम्ही हात वर केला होता, बंद ठेवा म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग तुम्ही एवढंच म्हणालात की पात्यापासून खाली गाठीपर्यंत धागा असतो, ओढला की तुटतो, खुरपं घेऊन धाग्यामागे जावं लागतं. मी म्हणालो, ‘सर, हे पीटीचं मैदान नाही, माझं अंगण आहे.’ तुम्ही आत निघून गेलात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं मी निर्मलाला म्हणालो. ज्याच्या दारात एक लव्हाळा नाही त्यानं मला धागे शिकवावेत, याचा मला आठवडाभर संताप येत होता.

आणि ते गणपतीचे दिवस! वसाहतीतल्या बाया हातात वाटी घेऊन माझ्या फाटकावरून सरळ तुमच्याकडे जायच्या, दूर्वा खुडायला. तुम्ही त्यासाठी भिंतीलगतचा एक पट्टा पंधरा दिवस आधीपासून कापायचा बंद करायचात, म्हणजे कोवळे तिपानी शेंडे मिळावेत. मला वाटायचं, निदान घरचं माणूस तरी घरातली दूर्वा घेईल. एकदा निर्मलालाही त्याच पट्ट्यात वाकलेली बघितली. मी विचारलं तर म्हणाली, आपल्याकडची दूर्वा कोणती अन् लव्हाळा कोणता, देवानं तरी किती निवडत बसायचं? माझ्या घरच्या देवाला साडूच्या घरची दूर्वा! त्या वर्षी मी आरती जरा खालच्याच आवाजात म्हटली.

आमच्या वैशूच्या सुपारीला हट्ट्याहून पाहुणे आले तेव्हाचं तर विचारूच नका. माझे होणारे व्याही गाडीतून उतरले, इकडे-तिकडे बघितलं आणि थेट तुमच्या लॉनकडे चालायला लागले. ‘वा! बराबर मंगल कार्यालयासारखं हाये,’ म्हणाले. मला त्यांना धरून माझ्या फाटकाकडे वळवावं लागलं. फोटो शेवटी तुमच्याच लॉनवर काढले. तेव्हाही तुम्ही दारात उभे राहून सगळ्यांना चपला काढून यायला सांगितलंत, नवरदेवालासुद्धा. फोटो झाले तसे सगळ्यांना लगेच बाहेर काढलंत. माझ्या लेकीच्या अल्बममध्ये आजही मागे दिसतं ते तुमचं गवत आहे.

हे असं सगळं होतं. आणि तुम्ही कधी राबताना दिसायचा नाहीत, हा त्यातला सगळ्यात मोठा काटा होता. मी तेव्हा आठच्या आधी डोळा उघडायचो नाही. उठून खिडकीचा पडदा सारला की तुमचं लॉन पाणी मारून तयार असायचं आणि तुम्ही आंघोळ करून, टिळा लावून व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असायचात. तुमच्याकडून बंबाचा धूर तेवढा यायचा. गीझर असताना हा माणूस बंब कशाला पेटवतो, म्हणून मी त्याच्यावरूनही कुरकुर करायचो. काही माणसांना सगळं आयतं मिळतं, असा माझा पक्का समज झाला होता. पहिली पोळी, वरची माती, आपोआप स्वच्छ राहणारं लॉन.

संध्याकाळी मात्र माझं अंगण माझं असायचं. मी तणांपुढे हात टेकले होते, त्यामुळे खुर्च्या कुठेही ओढा, कोणी कुठेही बसा. तहसीलमधले जुने सोबती यायचे, समोरचे मेडिकलवाले यायचे, वाटेनं जाणारा कोणीतरी टेकायचा. निर्मला चहा करून करून दमायची. त्या वेळी तुम्ही नेमके भिंतीपलीकडे नळी घेऊन उभे असायचात. तुमचा चेहरा आमच्याकडे, पाणी एकाच जागी. मी मनात म्हणायचो, मोजतोय माझे लव्हाळे. कधीमधी मी ‘या की’ म्हणायचो, म्हणायचं म्हणून. तुम्ही म्हणायचात, ‘पाणी चालू आहे.’ मी परत सभेकडे वळायचो. त्या भिंतीलगत जास्तीच्या पाण्यानं तुमची हराळी पिवळी पडली होती. तुमच्या लॉनमधला तेवढा एकच दोष मला माहीत होता, आणि तो मी आल्यागेल्याला आवर्जून दाखवायचो.

नांदेडच्या दवाखान्यातून तुम्हाला आणलं त्या दिवशी प्रशांत म्हणाला, बाबांना लॉनवरच ठेवू. चौघांनी तुम्हाला उचललं आणि लॉनच्या कडेशी येऊन थांबले. का थांबले ते आधी मला कळेना. मग एकानं पायानंच चपला काढल्या, मग दुसऱ्यानं, मग मागच्या दोघांनी. शेवटपर्यंत तुमचा धाक होता हो. मी त्या चपला बघितल्या आणि मला रडू आलं, आणि रडतानासुद्धा मनात आलं की माझ्या अंगणात माझ्यासाठी कोणी चपला काढणार नाही.

नंतर रोज माणसं बसायला येऊ लागली. पाऊस अधूनमधून चालूच होता, म्हणून लॉनवर मांडव घातला, खाली प्लॅस्टिकची पन्नी अंथरली आणि तिच्यावर सतरंज्या. खुरपं घेऊन लॉनमध्ये जायचं कोणाच्या ध्यानीमनी असणार? मी सकाळपासून तिथे बसायचो, येणाऱ्याला पाणी द्यायचो, कसं झालं ते सांगायचो. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी माणसं उठली, प्रशांतनं सतरंज्या झाडून उचलल्या, आणि मी उठायला म्हणून खाली हात टेकला तर तळहाताला काहीतरी टोचलं. बघितलं तर पन्नीतून एक हिरवं टोक वर आलेलं. शेजारी दुसरं. जरा पुढे चार-पाच. प्लॅस्टिक फाडून सुईसारखे वर आलेले लव्हाळे, गंगाधरराव. मी पन्नीचं टोक धरून उचललं. खाली सगळीकडे, पार व्हरांड्याच्या पायरीपर्यंत, पिवळट पडलेला दबलेला लव्हाळा आडवा झोपला होता. माझ्या अंगणात होता तेवढाच. कदाचित थोडा जास्तच.

तुमच्यापासून आता काय लपवायचं? पहिल्यांदा मला आनंद झाला. चांगला उकळीसारखा आला. तुमच्या फोटोला हार होता, समोर दिवा होता, आणि मी हातात पन्नी धरून मनात म्हणत होतो, सापडलात! मग तो आनंद जागच्या जागी विरला. कारण पुढचा विचार आला की हा लव्हाळा दहा दिवसांत कुठून आलेला नाही. तो पहिल्यापासून इथेच आहे. माती खरंच एकच होती.

सुमनअक्का पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, हे कधीपासून.

‘पहिल्यापासून हाये की, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘रोज पहाटं खुरपं घेऊन बसायचे. धाग्यामागं धागा, गाठीमागं गाठ. मंग गच्चीवर वाळवायचे अन् बंबात जाळायचे. एक गाठ बाहेर पडू दिली न्हाई.’

तुमचा बंब माझ्या डोळ्यांसमोर धुमसत होता. अक्का पुढे म्हणाल्या, ‘मी म्हणायची, काहून एवढी तकलीफ घेऊन राहिले? तिकडं भाऊजी बघा, कसे मजेत बसून राहतेत. तर म्हणायचे, तेच तर. त्यांच्याकडं माणसं येतेत. आपल्याकडं गवत तरी चांगलं पाहिजे.’

एवढं सांगून त्या आत गेल्या. मी पन्नी सोडली आणि परत खाली बसलो. मांडवाखाली माणसांनी बसून बसून लॉनची पार चटई झाली होती. तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वर्षांत तुमच्या लॉनवर माणसं बसली ती पहिल्यांदाच, आणि ती बसली तेव्हा तुम्ही नव्हतात. भिंतीलगतचा तो पिवळा पट्टा मला बसल्या जागेवरून दिसत होता. तिथे नळी धरून तुम्ही माझे लव्हाळे मोजत नव्हतात. तुम्ही आमच्या गप्पा ऐकत होतात. मेडिकलवाल्याच्या एखाद्या विनोदावर तुम्ही पलीकडे एकटेच हसलाही असाल. ‘नळ बंद करा अन् या,’ एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण तुम्हीही काही कमी नाही. फाटक तुमचंही उघडत होतं. आणि हे लव्हाळ्याचं मला एकदा सांगितलं असतंत तर? मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. सांगितलं होतं की, माती एकच आहे म्हणून.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर तरी माझं जळणं थांबेल. थांबलं नाही, उलट वाढलं. आयत्या मातीवर जळणं सोपं होतं. माझ्यासारखीच माती घेऊन, न बोलता, रोज पहाटे वाकून बसणाऱ्या माणसावर जळणं फार अवघड आहे, कारण त्यात दुसऱ्याला दोष देता येत नाही. आणि तुम्ही माझ्यावर जळत होतात, याचं जे सुख मला झालं तेही खरं आहे. तुम्हाला हेवा वाटावा असं माझ्याकडे काहीतरी होतं! हे तुम्ही जिवंतपणी कळू दिलं असतंत तर आपण दोघे जरा बऱ्या स्वभावाचे साडू झालो असतो.

तेरावं झाल्यावर प्रशांत मला म्हणाला, ‘काका, मी विचार करतोय, इथे गट्टू बसवून टाकावेत. आईला हे सगळं होणार नाही, गवतात साप-विंचवाची भीती, आणि गाडीही आत लागेल. आई म्हणते, काकांना विचार.’ त्याचं काही चूक नव्हतं. सिमेंटचे गट्टू वसाहतीत आता घरोघरी आहेत. आणि बघा, माझ्या आयुष्यातली सगळ्यात जुनी इच्छा त्यानं माझ्यापुढे ताटात वाढून ठेवली होती. मी नुसतं ‘बसव’ म्हणायचं, की तुमचं लॉन संपलं. मग खिडकीचा पडदा सारायला मला भीती नाही. बाया दूर्वा घ्यायला कुठे जातील, तर माझ्याकडे. मी ‘बसव’ म्हणायला तोंडही उघडलं होतं.

म्हणालो, ‘राहू दे.’

‘पण तण कोण काढणार?’

‘मी काढतो.’

पोरगं हसलं. बापाच्या तेराव्याला हसू येईल असं त्यालाही वाटलं नसणार. भिंतीवरून त्यानं माझ्या अंगणाकडे एकदा बघितलं आणि परत माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘बरं, दिवाळीला येईन तेव्हा बघू. राहिलं तर राहिलं, नाहीतर गट्टू.’ म्हणजे दिवाळीपर्यंतची मुदत आहे. माझ्यावर तुमच्या घरातल्या कोणाचाही विश्वास नाही, आणि तो का असावा?

तेव्हापासून मी पहाटे उठतो. निर्मलाला आधी वाटलं मला बरं नाही. तुमचं खुरपं अक्कांनी काढून दिलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेलं. पहिल्या दिवशी मी सगळे धागे तोडले, एकही गाठ हाती लागली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कळलं की ओढायचं नसतंच. बाजूची माती सैल करत, बोटानं धागा चाचपत खाली खाली जायचं, आणि वीतभर खाली ती काळी गाठ भेटते, हरभऱ्याएवढी. पहिली अख्खी गाठ निघाली तेव्हा मी ती तळहातावर घेऊन भिंतीकडे बघितलं, कोणाला तरी दाखवायला. पलीकडे कोण असणार? मीच तिकडचा, आणि मीच इकडे बसलेलो. गुडघे दुखतात, कंबर धरते. तुम्ही हे इतकी वर्षं केलंत आणि एकदाही कंबर धरून चालताना दिसला नाहीत, याचाही मला राग आहे.

आणि एक केलंय, तुम्हाला आवडणार नाही. संध्याकाळच्या खुर्च्या मी तुमच्या लॉनवर आणल्या आहेत. तहसीलवाले येतात, मेडिकलवाले येतात. पहिल्या दिवशी सगळे कडेला अडखळले आणि चपला काढायला लागले. मी नको म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. आता सगळे अनवाणी बसतात, अक्का चहा पाठवतात. खुर्च्यांच्या पायांनी हराळीत खड्डे पडतात, ते मी सकाळी बुजवतो. एक खुर्ची जास्तीची असते. ती तुमच्यासाठी ठेवली आहे असं मी कोणाला सांगितलेलं नाही. कोणीतरी येतं आणि तिच्यावर बसतं, ते बरंच आहे.

गणपती आता तोंडावर आलेत. भिंतीलगतचा पट्टा मी कापलेला नाही. नळी तिथे धरत नाही, त्यामुळे तो पिवळेपणाही जातोय. माझ्या बाजूला मात्र लव्हाळा कमरेला लागेल की काय, अशा तयारीत उभा आहे. तुमच्या बाजूचा आवरेपर्यंत माझ्याकडे बघायला वेळच होत नाही.

काल पहाटे अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. मी गुडघ्यावर बसून एका धाग्यामागे होतो, तोंडावर माती, हाताला माती. त्यांनी भिंतीपलीकडे बोट करून विचारलं, ‘भाऊजी, अन् तुमच्या बाजूचा कवा काढता?’

मी मान वर न करता म्हणालो, ‘आधी थोरल्याचं.’